'अनुल्लंघनीय', 'अबाधित', 'अक्षुण्ण'… कुठे कोणता?

वेलांटी

इंग्रजीतल्या 'इन्व्हायोलेबल' आणि 'इन्व्हायोलेट' या जोडीला कोशात बहुधा 'अनुल्लंघनीय' एवढंच मिळतं. अर्थ कळतो, पण शब्द वाक्यात घातला की वाक्य आखडतं. खालची तीन वाक्यं मराठीत हवी आहेत.

१. दूतावासाची जागा ______ असेल. दूतावासप्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाचे अधिकारी आत शिरू शकणार नाहीत. (राजनैतिक संबंधांवरचा १९६१ चा व्हिएन्ना करार, अनुच्छेद २२)

२. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा वाघांच्या संवर्धनासाठी ______ ठेवणं आवश्यक आहे. (वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३८-व्ही)

३. रुग्णहक्कांच्या पत्रकासाठी: प्रत्येक व्यक्तीचं शरीर ______ आहे.

अबाधित, अभंग, अक्षत, अक्षुण्ण, अखंड, अव्याहत, अभेद्य, पवित्र इतके उमेदवार आहेत. तिन्हीकडे चालेल असा एक आहे का? नसेल तर निवडायचं कशावरून?

मुद्रितशोधक

एकच शब्द शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. इंग्रजीने 'व्हायोलेट' या एका क्रियापदात जे कोंबलंय ते मराठीत पाच-सहा क्रियापदांत विखुरलेलं आहे. वचन मोडतं, हद्द ओलांडली जाते, हक्काला बाध येतो, अंगाला जखम होते, परंपरेत खंड पडतो, तटाला भगदाड पडतं. तेव्हा 'अ' लावायच्या आधी क्रियापद ठरवा. काय घडू नये असं म्हणायचंय?

भंग घ्या. जे एकदाच मोडतं आणि मोडलं की मोडलं, त्याला भंग: वचनभंग, व्रतभंग, शांतताभंग, कायदेभंग, हक्कभंग, विनयभंग. या घराण्याचा नकार 'अभंग', पण तो वारकऱ्यांनी केव्हाच नेला. 'अभंग एकजूट' अजून चालून जातं. 'दूतावासाची जागा अभंग असेल' म्हटलं की मात्र टाळ ऐकू यायला लागतात.

उल्लंघन ओलांडण्याचं आहे. समोर एक रेघ असावी लागते: आदेश, आचारसंहिता, शस्त्रसंधी, मर्यादा. यातही मराठीची एक अडचण आहे. दसऱ्याचं सीमोल्लंघन शुभ असतं, त्यामुळे 'उल्लंघन' या शब्दात मुळातच पाप नाही, ते कशाचं केलं त्यावर ठरतं. नुसतं 'लंघन' म्हणजे तर उपास. 'अलंघ्य' डोंगराला आणि समुद्राला शोभतो, नियमाला नाही.

बाध म्हणजे कमीपणा आणणं, हरकत घेणं, रद्द ठरवणं. हक्क, अधिकार, सत्य यांचं हे क्रियापद. 'त्रिकालाबाधित' मधला अबाधित तो हाच. या सगळ्या शब्दांत आज सर्वांत जिवंत हाच आहे. वर्तमानपत्रात, नोटिशीत, भाषणात कुठेही न अडखळता येतो.

क्षत म्हणजे जखम. त्याचा नकार 'अक्षत', आणि अक्षता म्हणजे न तुटलेले तांदूळ. म्हणून अक्षतांना कणी चालत नाही, अख्खे दाणे निवडून घेतात. विशेषण म्हणून मात्र शब्द जवळजवळ संपला. शरीराच्या संदर्भात वापरला तर जुन्या स्मृतिग्रंथांतला कौमार्याचा अर्थ डोकं वर काढतो, तेव्हा पत्रकात नकोच.

खंड सलगपणाचा आहे. 'अखंड' काळालाही लागतो (अखंड हरिनाम सप्ताह) आणि वस्तूलाही (अखंड शिळा). 'प्रादेशिक अखंडता' बातम्यांत पक्कं रुजलंय. पण तुकडे न होणं आणि कुणी आत न शिरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. घरात चोर शिरला तरी घर अखंडच असतं.

'अव्याहत' फक्त काळासाठी: अव्याहत पाऊस, अव्याहत सेवा. 'अव्याहत हक्क' हा निव्वळ भारदस्त दिसतो म्हणून लिहिला जातो. 'अभेद्य' आणि 'अजिंक्य' तट-किल्ल्यांचे.

दुरेघी वही

मुद्रितशोधक यांच्याशी सहमत, पण क्रियापद निवडून काम संपत नाही. शेवटचा प्रत्ययही बघावा लागतो, आणि अनुवाद बहुधा तिथेच फसतो.

'-नीय' आणि '-य' (उल्लंघनीय, भेद्य, लंघ्य) हे शक्यता किंवा योग्यता सांगतात. '-त' आणि त्याचंच '-न' हे रूप (बाधित, क्षत, खंडित, छिन्न) झालेली गोष्ट सांगतात. म्हणून:

अनुल्लंघनीय = ओलांडता येणार नाही, किंवा ओलांडू नये असं
अनुल्लंघित = अजून कुणी ओलांडलेलं नाही असं

इंग्रजीतली जोडी नेमकी याच सांध्यावर फुटते. 'इन्व्हायोलेबल' हा नियम आहे, 'इन्व्हायोलेट' ही स्थिती. वेलांटी यांचं पहिलं वाक्य नियमाचं आहे, दुसरं स्थितीचं. दोन्हीकडे एकच शब्द घातला तर कोणतं तरी एक वाक्य चुकणार.

शिवाय '-नीय' मध्ये 'शक्य नाही' आणि 'योग्य नाही' हे दोन्ही अर्थ एकाच ताटात असतात. निंदनीय म्हणजे निंदा करावी असं, असह्य म्हणजे सहन होत नाही असं. जंजिरा अजिंक्य म्हणतो तेव्हा शत्रूची ताकद कमी पडली असं सांगतो. दूतावासाचं फाटक ताकदीने सहज उघडता येतं, पण तसं करायला मनाई आहे. म्हणून तिथे अभेद्य, अजिंक्य, दुर्भेद्य हे सगळे बाद. (जाता जाता: 'अजिंक्य' हा 'जिंकणे' या मराठी धातूला संस्कृत धाटणीचा 'य' चिकटवून झालेला शब्द. संस्कृतात 'अजेय'. दोनशे वर्षांनी कुणी तरी त्यालाही शुद्ध तत्सम म्हणेल.)

दर धातूची दोन्ही रूपं हाताशी असतीलच असं समजू नका. भिद् पासून 'अभेद्य' मिळतो, पण स्थितीचं रूप 'अभिन्न', आणि त्याचा अर्थ केव्हाच 'वेगळा नसलेला' झाला. बाध् चं उलट आहे. 'अबाधित' जोरात, 'अबाध्य' कुणी वापरत नाही, आणि त्यामुळे अबाधितच आता दोन्ही कामं करतो.

सांजवात

एक शंका. 'अनुलंघनीय' असंही खूप ठिकाणी दिसतं. दोन्ही बरोबर का?

मुद्रितशोधक

नाही, दोन ल हवेत. उत् + लंघन = उल्लंघन; त् पुढे ल आला की त् चा ल् होतो. त्याच्या मागे नकार: पुढे स्वर असला की 'अ' चा 'अन्' होतो, म्हणून अन् + उल्लंघनीय = अनुल्लंघनीय. लोकांना तो 'अनु' उपसर्ग वाटतो (अनुकरण, अनुमान यांतला), मग उरलेलं 'लंघनीय' समजून एक ल गिळतात. दुसरी चूक 'नि' ऱ्हस्व करण्याची. अनुल्लंघनीयता, अनुल्लंघनीयतेचा, सगळीकडे नी दीर्घच.

तसाच 'अक्षुण्ण'. क्षुद् म्हणजे कुटणं, तुडवणं. त्याचं क्षुण्ण, जसं छिद् चं छिन्न. शेवटी ण ला ण. 'अक्षुण्य' असा शब्द नाही, 'पुण्य' च्या वजनाने तो तयार झालाय.

कोर्टाची पायरी

अक्षुण्ण हा मराठीत हिंदीच्या वाटेने जास्त येतो. मंत्र्यांच्या शपथेचा हिंदी पाठ 'प्रभुता और अखंडता अक्षुण्ण' ठेवण्याचा आहे, मराठी पाठात 'सार्वभौमता व एकात्मता उन्नत राखीन' आहे. उद्देशिकेतही तोच फरक: हिंदीत अखंडता, मराठीत एकात्मता. म्हणजे राज्यघटनेच्या मराठी भाषांतरकारांपुढे दोन्ही तयार शब्द होते आणि त्यांनी ते घेतले नाहीत. हिंदी मसुद्यावरून मराठी करताना हे शब्द जसेच्या तसे उचलले जातात, तिथे जपा.

आता पहिल्या वाक्याबद्दल. यात दोन संकल्पनांची सरमिसळ नेहमी होते, तेवढी टाळा. १९६१ च्या करारात अनुच्छेद २२ (जागा), २४ (दप्तर), २९ (राजनैतिक अधिकाऱ्याची व्यक्ती) आणि ३० (त्याचं घर) हे अनुल्लंघनीयतेचे आहेत. अनुच्छेद ३१ 'इम्युनिटी'चा आहे, त्याला कायद्याच्या मराठीत 'उन्मुक्ती'. उन्मुक्ती म्हणजे यजमान देशाच्या न्यायालयाला खटला चालवता येत नाही. अनुल्लंघनीयता म्हणजे पोलिसाला अटक करता येत नाही, आत शिरता येत नाही. एक न्यायाधीशाला थांबवते, दुसरी शिपायाला. उन्मुक्ती सोडून देण्याची सोय अनुच्छेद ३२ मध्ये आहे, पण ती पाठवणाऱ्या देशाने सोडायची, त्या अधिकाऱ्याने परस्पर नव्हे.

आणि अनुल्लंघनीयतेला दोन बाजू आहेत. यजमान सरकारने स्वतः आत शिरायचं नाही ही एक. दुसरी, बाहेरच्या कुणाला शिरू द्यायचं नाही, त्यासाठी योग्य ती पावलं उचलायची. १९७९ मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासात जमाव घुसला तेव्हा इराणवर ठपका आला तो आधी या दुसऱ्या बाजूचा, न रोखल्याचा. मग सरकारनेच त्या ताब्याला मान्यता दिली तेव्हा पहिल्या बाजूचाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल १९८० चा. 'अनुल्लंघनीय' म्हटलं की मराठी वाचकाला पहिली बाजू कळते, दुसरी सुटते. म्हणून २२ चं दुसरं कलम (संरक्षणाचं विशेष कर्तव्य) भाषांतरात गाळू नका.

मुंबईबद्दल लिहिणार असाल तर आणखी एक. मुंबईत वाणिज्य दूतावास आहेत, त्यांना १९६३ चा करार लागू होतो. त्याच्या अनुच्छेद ३१ मध्ये संरक्षण उतरतं: फक्त कामकाजासाठी वापरात असलेला भाग, आणि आग किंवा तशाच आपत्तीत प्रमुखाची संमती गृहीत धरता येते. १९६१ च्या करारात आगीची ही सवलत नाही. त्यामुळे बंब दारात उभा असताना दिल्लीतल्या दूतावासात आणि मुंबईतल्या वाणिज्य दूतावासात नियम वेगळा. दोन्हीकडे 'अनुल्लंघनीय' लिहायला हरकत नाही, फक्त मुंबईच्या वाक्यात 'अनुच्छेदात सांगितलेल्या मर्यादेत' हे शब्द हवेत.

सांजवात

दूतावास म्हणजे परक्या देशाची जमीनच ना? मग 'सार्वभौम' का नको?

कोर्टाची पायरी

नाही. जमीन यजमान देशाचीच राहते, तिथे घडलेला गुन्हाही यजमान देशात घडलेलाच. फक्त अंमलबजावणी करणारे हात फाटकाबाहेर थांबतात. 'सार्वभौम' लिहिलंत तर कायदा चुकेल.

ताम्रपट

फाटकाबाहेर थांबणाऱ्या हातांवरून: आपल्याकडे यासाठी शब्द होता, आणि तो विदर्भातल्या ताम्रपटांवर आहे. वाकाटक या विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याच्या दानपत्रांत, उदाहरणार्थ दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात (चम्मक अचलपूरजवळ, अमरावती जिल्हा), दान दिलेल्या गावाला मिळणाऱ्या सवलतींची यादी असते. त्यातला एक शब्द 'अभटच्छात्रप्रावेश्य'. भट म्हणजे शिपाई. छात्र हा विद्यार्थी नव्हे, शिपायाच्याच जोडीचा राजसेवक असा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे राजाच्या शिपायांनी ज्यात शिरायचं नाही असं गाव. अनुच्छेद २२ चं पहिलं कलम जवळजवळ एका शब्दात.

रचना बघा. भंग नाही, उल्लंघन नाही. ज्याला रोखायचं त्याचं नाव आणि जी कृती रोखायची ती, दोन्ही शब्दातच: अ + भट-छात्र + प्रावेश्य. त्याच यादीत फुलं आणि दूध न घेण्याची, गाई-बैल न मागण्याची, सगळ्या वेठबिगारीतून सोडण्याची सूट अशीच एकेका समासात आहे. एक मोठा अमूर्त शब्द शोधण्याऐवजी कुणी काय करायचं नाही हे सरळ मोजलंय. या सवलतींना एकत्रित नाव 'परिहार'. आजच्या उन्मुक्तीचा हा पूर्वज म्हणता येईल.

गंमत म्हणजे हे संरक्षणही बिनशर्त नव्हतं. चम्मक ताम्रपटात दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये वगैरे अटी आहेत, त्या मोडल्या तर राजाने गाव परत घेतलं तरी चोरी ठरत नाही.

पुढे शिलाहार-यादवांच्या काळात तोच दरारा चित्रात गेला. गद्धेगाळाच्या दगडावर वर सूर्य-चंद्र आणि खाली गाढवाचं ते प्रसिद्ध शिल्प. सूर्य-चंद्र म्हणजे 'आचंद्रार्क', ते असेतोवर दान चालावं. खालचा भाग दान मोडणाऱ्याला शिवी. महाराष्ट्रात आणि गोव्यातही असे दगड आहेत. नियम वरच्या अर्ध्यात, दंड खालच्या अर्ध्यात.

रानवाट

दुसऱ्या वाक्याकडे कुणी वळलं नाही, आणि भाषांतराची खरी जोखीम तिथेच आहे.

३८-व्ही हे कलम २००६ च्या दुरुस्तीने आलं. त्यात व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग: गाभा (लोक 'कोअर'च म्हणतात) आणि त्याच्या भोवतीचा पट्टा, म्हणजे बफर. गाभा 'इन्व्हायोलेट' ठेवायचा असं कायदा म्हणतो. पण त्याच वाक्यात, अनुसूचित जमाती आणि इतर वननिवासींच्या हक्कांना बाध न आणता, असंही म्हणतो. सरकारी-निमसरकारी मराठीत पहिला अर्धा भाग 'निर्मनुष्य' किंवा 'मानवविरहित' असा होतो आणि दुसरा अर्धा कुठे तरी गळतो. हे चुकीचं आहे, तीन कारणांनी.

एक, 'निर्मनुष्य' ही स्थिती झाली, आणि तीही वेगळीच. रात्री दोन वाजता रस्ता निर्मनुष्य असतो. कायद्याला अपेक्षित आहे ते अधिवासाचं विस्कटणं थांबणं.

दोन, वस्तुस्थितीतही ते खोटं ठरतं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात नियंत्रित पर्यटन चालू ठेवलं. वनरक्षकांची गस्त असते, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढायला मजूर जातात, पाणवठ्यांची कामं चालतात. ज्या ठिकाणी सफारीची जिप्सी जाते त्याला निर्मनुष्य म्हणायचं आणि गावाला मात्र उठवायचं, हा अर्थ शब्दाने गुपचूप आत आणला.

तीन, वनहक्क कायदा २००६ मध्येही 'क्रिटिकल वाइल्डलाइफ हॅबिटॅट' साठी हाच शब्द आहे, आणि तिथे कलम ४(२) नुसार पुनर्वसनाआधी अटींची मालिकाच आहे: हक्कांची मान्यता पूर्ण झालेली असणं, सहजीवनासारखा दुसरा वाजवी पर्याय नसल्याचा निष्कर्ष, ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्ण, लेखी संमती, नव्या जागी जमीन आणि सोयी तयार असणं. 'निर्मनुष्य' लिहिलं की वाचणाऱ्या ग्रामसभेला वाटतं निर्णय झालाच आहे, आता फक्त तारीख ठरायचीय. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर, सह्याद्री, सहाही प्रकल्पांच्या आसपास हा मजकूर मराठीतच वाचला जातो. एका विशेषणाने केवढा फरक पडतो बघा.

माझं मत 'अबाधित' ला.

दुरेघी वही

अबाधित ठीक, पण मग एकाच वाक्यात 'हक्कांना बाध न आणता गाभा अबाधित ठेवणे' असं होईल. अर्थाने उलट सुंदर आहे, दोन्ही बाजूंना तोच मापदंड. कानाला मात्र भाषांतर लागतं. एकीकडे क्रियापद बदला: 'वनहक्कांना धक्का न लावता'.

वेलांटी

'धक्का न लावता' कायद्याच्या भाषेत चालेल? बोलीतला वाटतो.

कोर्टाची पायरी

अधिनियमात 'बाध न येता' हाच ठरलेला प्रयोग. 'सर्वसाधारणतेस बाध न येता' वगैरे आठवून बघा, तो इंग्रजी 'व्हिदाउट प्रिज्युडिस' चा जोडीदार. वकिलाच्या नोटिशीत 'आमचे सर्व हक्क अबाधित राखून' असतं तेही तेच. पण पत्रक, माहितीपुस्तिका, बातमी यांत 'धक्का न लावता' जास्त थेट पोचतो. आरक्षणाच्या चर्चेत 'ओबीसींच्या आरक्षणाला धक्का न लावता' हे वाक्य महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

खरेदीखतातला 'निर्वेध' मात्र इथे आणू नका. 'मिळकत निर्वेध व बोजारहित आहे' म्हणजे आज तिच्यावर गहाण, जप्ती, वारसाचा दावा नाही. ते मागचा हिशेब साफ असल्याचं सांगणं आहे. अबाधित पुढचीही हमी देतो.

सांजवात

धक्क्यावरून, मराठी हे सगळं नामाने नाही, वाक्प्रचारानेच बोलते असं वाटायला लागलंय. केसालाही धक्का लागू न देणे, तडा न जाऊ देणे, आच न येऊ देणे, भाजीच्या देठालाही हात न लावणे. हे शेवटचं तर शिवाजी महाराजांच्या आज्ञेशी जोडलेलं, लष्कराने रयतेचं काही घेऊ नये यासाठी. 'रयतेच्या मालमत्तेची अनुल्लंघनीयता' म्हणजेच ते, पण देठ दिसतो ना डोळ्यांपुढे.

मुद्रितशोधक

+१. आणि प्रत्येकाला आपापलं कर्म आहे, अदलाबदल करू नका. केसाला धक्का माणसाच्या. तडा विश्वासाला, एकीला, प्रतिमेला. आच अब्रूला, जिवाला. 'विश्वासाच्या केसालाही धक्का' हसू आणेल.

नामाबद्दलही खरं आहे. 'अबाधितता' चं सामान्यरूप 'अबाधिततेचा', उच्चारून बघा, दोन त पाठोपाठ. शक्य तिथे नाम मोडून क्रियापदात आणा: 'हक्कांच्या अबाधिततेची हमी' ऐवजी 'हक्क अबाधित राहतील याची हमी'.

वस्तूंच्या बाबतीत फारसी घराण्यातला 'शाबूत' विसरू नका. लाखेची मोहोर शाबूत असते, कुलूप शाबूत असतं, पाकीट उघडलेलं नाही हे सांगायला यापेक्षा नेमका शब्द नाही. 'मोहोर अबाधित' हे उगाच.

दुरेघी वही

'पवित्र' बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. 'कराराचे पावित्र्य', 'परीक्षेचे पावित्र्य' हे इंग्रजी 'सँक्टिटी' चं शब्दशः. पहिल्याला 'कराराची बंधनकारकता', दुसऱ्याला 'विश्वासार्हता' पुरेसं आहे. पवित्र हे कारण असू शकतं, स्थिती नव्हे. देवराईतली फांदी कुणी तोडत नाही कारण ती देवाची. लोक 'देवराईचं पावित्र्य' म्हणत नाहीत, 'देवाचं आहे, तोडायचं नाही' म्हणतात.

तिसऱ्या वाक्याबद्दल एक धोक्याची सूचना. मानवी प्रतिष्ठा, शरीर यांच्यासाठी काही युरोपीय भाषांत 'स्पर्श' या मुळावरून शब्द आहे. १९४९ च्या जर्मन राज्यघटनेचं पहिलंच वाक्य मानवी प्रतिष्ठेला 'उनआंटास्टबार' म्हणतं, शब्दशः हात न लावता येण्याजोगी. मराठीत त्याच साच्यात शब्द ओतला तर काय निघतं? 'अस्पृश्य'. तिकडे जो शब्द माणसाला सर्वांत वर ठेवतो, त्याच घडणीचा इकडचा शब्द माणसाला गावाबाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला आणि अनुच्छेद १७ ने ती प्रथा रद्द करावी लागली. तेव्हा 'शरीर अस्पर्श्य आहे' वगैरे कलाकुसर चुकूनही नको.

कोर्टाची पायरी

'शारीरिक अखंडता' ही नको. हाडं मोडली नाहीत एवढंच त्यातून कळतं. आणि 'अविच्छेद्य', 'अहस्तांतरणीय' हे 'इनएलिएनेबल' साठी ठेवा. तो हक्क स्वतःलाही देऊन टाकता येत नाही, तर इन्व्हायोलेबल हक्कावर दुसऱ्याला घाला घालता येत नाही. शरीराच्या बाबतीत संमती देता येते, म्हणून तर शस्त्रक्रियेचं संमतीपत्र असतं. पत्रकात विशेषण काढून टाका आणि संमती आत आणा.

रानवाट

पत्रकाला ताम्रपटाची युक्ती वापरा. कुणी, काय करायचं नाही ते मोजा. 'शरीर अनुल्लंघनीय आहे' हे भिंतीवर लावलं तर रुग्णाला वाटाण्याच्या अक्षताच मिळायच्या.

वेलांटी

सगळ्यांचे आभार. तिन्ही वाक्यं अशी केली:

१. दूतावासाची जागा अनुल्लंघनीय असेल. दूतावासप्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाचे अधिकारी तीत शिरू शकणार नाहीत.

२. अनुसूचित जमाती व इतर वननिवासी यांच्या हक्कांना धक्का न लावता, वाघांच्या संवर्धनासाठी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा अबाधित राखणे आवश्यक आहे.

३. तुमच्या शरीरावर तुमचाच अधिकार आहे. तुमच्या संमतीशिवाय कोणालाही तुमची तपासणी, उपचार किंवा शस्त्रक्रिया करता येणार नाही.

कोर्टाची पायरी

तिसऱ्यात 'बेशुद्धावस्थेतील तातडीचे उपचार वगळता' जोडा, नाहीतर अपघात विभागात हेच पत्रक दाखवून वाद होतील. पहिल्यात 'शिरू शकणार नाहीत' काढा. त्यातून अशक्यता कळते, मूळ वाक्यात मनाई आहे. 'शिरणार नाहीत' एवढंच. दुसऱ्याला हात लावू नका.

वेलांटी

दोन्ही बदल केले. पहिल्या वाक्यात 'तीत' ऐवजी 'त्या जागेत' घेतलंय. मोबाइलवर 'तीत' वाचताना डोळा 'तिथे' वाचतो.

मुद्रितशोधक

चालेल. 'अनुल्लंघनीय' टंकताना फोन एक ल परस्पर खातो, छापायला देण्याआधी तेवढं बघा.